सीएनसी राउटरचा स्टेपर ड्रायव्हर: जोडणी, पहिली चाचणी आणि पावसाळ्यातले बिघाड

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांचं काम प्लायवूड-एमडीएफकडे वळलं. कुडाळ, सावंतवाडी, रत्नागिरीकडे छोट्या सुतारशाळांतही आता सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन, दिसतो. पूर्ण तयार मशीन परवडत नाही, म्हणून बरेच जण सुटे भाग मागवून घरीच उभं करतात. सांगाडा, रेल, स्क्रू हे सगळं सुतारकाम जाणणाऱ्याला जमतं. अडतं ते निळ्या-काळ्या डब्यापाशी, ज्याला ड्रायव्हर म्हणतात: कंट्रोलरचा सिग्नल घेऊन मोटरला करंट देणारा.

हा लेख अशा माणसासाठी आहे. मल्टिमीटर धरता येतो, २३० व्होल्टची भीती योग्य तेवढी आहे, पण स्टेपर मोटर कधी जोडलेली नाही, एवढं धरून चालतो. उदाहरणाला तीन अक्षांचा राउटर घेतो: नेमा २३ मोटरी, डीएम५४२ जातीचे ड्रायव्हर, ३६ व्होल्टचा एसएमपीएस (लाइनचे २३० व्होल्ट उतरवून डीसी देणारा सप्लाय), कंट्रोलर म्हणून आर्डुइनो युनो बोर्ड आणि त्यावर जीआरबीएल हा मशीन चालवणारा प्रोग्राम. तुमच्याकडे टीबी६६०० ड्रायव्हर असेल तरी जवळजवळ सगळं लागू पडतं.

एक गोष्ट मनात पक्की ठेवून पुढे जा. स्टेपर मोटर म्हणजे डोळे बांधून पावलं मोजत चालणारा माणूस. कंट्रोलर सांगतो ‘१६०० पावलं टाक’, आणि ती पडली असं गृहीत धरतो. मधे चार पावलं चुकली तर कुणालाच कळत नाही. कळतं तेव्हा मखराची कमान एका बाजूला सरकलेली असते. म्हणून इथे प्रत्येक टप्प्यावर थांबून मोजायचं. आणि बिघाड झालाच तर ड्रायव्हरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. आमच्या किनाऱ्यावर ड्रायव्हर जळण्याआधी वायरचा जोड सैल होतो किंवा हिरवा पडतो. जोड तपासायला पैसे लागत नाहीत, नवा ड्रायव्हर मागवायला लागतात.

विकत घेताना

मोटरवर ‘१.८ अंश’ लिहिलेलं असेल तर तिच्या एका फेऱ्याला २०० पूर्ण पावलं. बहुतेक सगळ्या अशाच असतात. ॲम्पियर किती तेही लिहिलेलं असतं. आपण ३ ॲम्पियरची धरू.

छोट्या कामाला, नेमा १७ मोटरींना, ए४९८८ किंवा डीआरव्ही८८२५ ही नखाएवढ्या चिपची पाटी चालते. ए४९८८ ला हीटसिंक नसेल तर साधारण १ ॲम्पियरच्या पुढे नेऊ नये, तिच्या व्होल्टेजच्या टोकांना अगदी जवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्याशिवाय वीज देऊ नये, आणि करंट बारीक स्क्रूने लावावा लागतो. लाकूड कापायच्या राउटरला या पाट्या घेऊ नका. मी नवख्या माणसाला सरळ डीएम५४२ घ्यायला सांगतो. टीबी६६०० स्वस्त पडतो, पण त्याच नावाखाली बाजारात वेगवेगळ्या दर्जाचे डबे मिळतात, आणि डब्यावर ४२ व्होल्ट छापलेले असले तरी तिथपर्यंत न्यायचं धाडस करू नये. त्याला २४ ते ३६ पुरे. डीएम५४२ ची मर्यादा ५० व्होल्टची आहे. म्हणून ४८ द्यायचा मोह होतो. तो टाळा. मोटर वेगात असताना एकदम थांबवली की ती क्षणभर जनरेटरसारखी वागते आणि लाइनवरचं व्होल्टेज वर ढकलते. ३६ वर त्याला जागा राहते.

एसएमपीएस ३६ व्होल्ट १० ॲम्पियरचा घ्या. तीन मोटरी गुणिले तीन म्हणजे नऊ ॲम्पियर असा हिशेब लोक करतात, पण ड्रायव्हर व्होल्टेज तोडून करंट वाढवतो, त्यामुळे सप्लायकडून मोटरच्या करंटच्या साधारण दोन-तृतीयांशच ओढला जातो. १० मध्ये आरामात बसतं.

व्होल्टेज जास्त का हवं, हा प्रश्न येतोच. कॉइलमध्ये करंट चढायला वेळ लागतो. मोटर जितकी वेगात, तितका प्रत्येक पावलाला वेळ कमी. कमी व्होल्टेजवर करंट पुरता चढायच्या आत पुढचं पाऊल येतं, आणि जोर कमी पडतो. १२ व्होल्टवर सावकाश छान चालणारी मोटर वेग वाढवला की थबकते, ते यामुळे.

कॉइल ओळखणं

चार वायरच्या मोटरमध्ये दोन कॉइल असतात. काळी-हिरवी एक जोडी आणि लाल-निळी दुसरी, हे बऱ्याच ठिकाणी खरं ठरतं, पण रंगावर विश्वास ठेवू नका. मल्टिमीटर कंटिन्यूटीवर लावा; ज्या दोन वायरींत बीप येतो ती एक कॉइल. ओहमवर मोजलं तर नेमा २३ ला साधारण एक ते काही ओहम दिसतील, आणि दोन्ही कॉइलचे आकडे जवळपास सारखे हवेत. मीटर हाताशी नसेल तर दोन वायरींची टोकं एकमेकांना चिकटवा आणि हाताने शाफ्ट फिरवा: जड लागला तर ती जोडी बरोबर.

मोटरच्या बॉडीला आणि कुठल्याही वायरीला बीप येता कामा नये. आला तर ती मोटर परत पाठवा.

सहा वायरींच्या मोटरमध्ये प्रत्येक कॉइलला मधून एक वायर काढलेली असते. दोन टोकांतला ओहम मधल्या वायरीपासूनच्या ओहमच्या दुप्पट येतो, त्यावरून टोकं सापडतात. टोकं वापरा, मधली वायर टेप लावून बाजूला ठेवा.

विजेची बाजू

सगळ्यात आधी एसएमपीएसच्या बाजूच्या भोकात डोकवा. बऱ्याच सप्लायना ११५/२३० असा सरकता स्विच असतो. तो ११५ वर असताना आपली लाइन दिली की सप्लाय तिथेच संपतो. २३० वर आहे याची खात्री करा, मगच पिन लावा. मोटर, ड्रायव्हर काहीही न जोडता सप्लाय चालू करून डीसी मोजा. ३६ पेक्षा कमी-जास्त असेल तर टर्मिनलशेजारच्या छोट्या स्क्रूने जमवा. बंद करा. हिरवा दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबा.

आता प्रत्येक ड्रायव्हरला सप्लायपासून स्वतंत्र जोडी न्या. एका ड्रायव्हरवरून दुसऱ्यावर उडी मारून वायर नेण्याची सवय सोडा. एका जोडात ढिलाई आली की तिन्ही अक्ष लंगडतात. १ स्क्वेअर एमएमची वायर चालेल. प्रत्येक प्लस वायरीत फ्यूज टाका. प्लस-मायनस उलटं झालं तर बहुतेक ड्रायव्हरमध्ये वाचवणारं काही नसतं, म्हणून लाल वायर प्लसला आणि काळी मायनसला हा नियम मशीनभर पाळा.

स्क्रू टर्मिनलमध्ये जाणारं टोक कसं करायचं, यावर थोडं थांबतो, कारण अर्धे बिघाड इथून सुरू होतात. उघड्या तारा पिळून खुपसू नका. सोल्डर लावूनही खुपसू नका: सोल्डर मऊ असतो, स्क्रूखाली हळूहळू दबत जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत तोच स्क्रू सैल लागतो. पिन लग लावून क्रिंप करा, खारी हवा तारांच्या आत शिरत नाही आणि स्क्रूला घट्ट पकड मिळते. क्रिंप केल्यावर वायर जोरात ओढून बघा. निघाली तर आत्ताच निघाली हे बरं.

मोटरच्या वायरी ए प्लस, ए मायनस, बी प्लस, बी मायनस या चार टर्मिनलांत जातात. एक कॉइल ए ला, दुसरी बी ला. टोकं उलटसुलट झाली तर काही बिघडत नाही, मोटर फक्त उलटी फिरते. पण एका कॉइलचं एक टोक ए ला आणि दुसरं बी ला गेलं तर मोटर नुसती थरथरेल.

आणि हे कागदावर लिहून मशीनला चिकटवा: वीज चालू असताना मोटरची वायर काढायची नाही, लावायचीही नाही. कॉइलमधला करंट तोडला की उसळणारं व्होल्टेज ड्रायव्हरचं आउटपुट फोडतं. सैल जोडामुळे हेच आपोआप, धक्क्याधक्क्याला घडत राहतं. ‘काही न करता ड्रायव्हर गेला’ अशी तक्रार असते तेव्हा मोटरच्या प्लगपासून शोध सुरू करावा.

सिग्नलची बाजू

ड्रायव्हरच्या दुसऱ्या कडेला सहा टर्मिनल असतात: पीयूएल (पल्स), डीआयआर (दिशा) आणि ईएनए (एनेबल), प्रत्येकी प्लस-मायनस. पीयूएल पाऊल टाकायला सांगतं, डीआयआर दिशा, ईएनए मोटर सैल सोडायची की धरून ठेवायची ते. आत ऑप्टोकपलर (सिग्नल उजेडाने पलीकडे नेणारा भाग) असतो, म्हणजे आर्डुइनो आणि ३६ व्होल्ट यांचा थेट संबंध येत नाही.

सोपी जोडणी अशी. तिन्ही मायनस एकत्र करून आर्डुइनोच्या ग्राउंडला. जीआरबीएलमध्ये एक्सचा पल्स पिन २ वर, वायचा ३, झेडचा ४. दिशा अनुक्रमे ५, ६, ७. एनेबल सगळ्यांचा मिळून पिन ८. एक्सच्या ड्रायव्हरचा पीयूएल प्लस पिन २ ला, डीआयआर प्लस पिन ५ ला, तसंच पुढे.

ईएनए सध्या मोकळा सोडा. मोकळा असला की ड्रायव्हर चालूच असतो, आणि पहिल्या चाचणीत शंकेची एक जागा कमी होते. नंतर वापरायचा असेल तर वरच्या जोडणीत तो सरळ चालतो. काही जण प्लस एकत्र करून ५ व्होल्टला देतात आणि मायनस बाजूने सिग्नल आणतात. तीही जोडणी बरोबर आहे, पण मग जीआरबीएलमध्ये $४ (त्याच्या सेटिंगना असे $ लावलेले क्रमांक असतात) ची किंमत १ करावी लागते, नाहीतर हलायच्या वेळी मोटर सुटते आणि थांबल्यावर धरते. त्या जोडणीत पल्सही उलटा पोचतो, तो $२ ने सुलटा करावा लागतो. हे विसरल्याने होणारा घोटाळा पुढे सांगतो.

ईएसपी३२ सारखा ३.३ व्होल्टचा बोर्ड वापरत असाल तर ऑप्टोकपलरला तेवढं व्होल्टेज काही वेळा अपुरं पडतं. मोटर चालते, पण मधूनच पाऊल गाळते. मधे ५ व्होल्टचा बफर, म्हणजे सिग्नल उचलून देणारी चिप, टाका. उलट २४ व्होल्टच्या पीएलसीवरून (कारखान्यातला कंट्रोलर) सिग्नल आणत असाल तर ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात दिलेला, साधारण २ किलोओहमचा रेझिस्टर प्रत्येक सिग्नलला लागतो.

सिग्नलच्या वायरी आणि मोटरच्या वायरी एकाच पट्टीतून नेऊ नका. स्पिंडलला (कटर फिरवणारी मोटर) व्हीएफडी, म्हणजे तिचा वेग बदलणारा डबा, असेल तर त्याची केबल सगळ्यांपासून लांब, शील्डवाली, आणि सिग्नल केबलचं शील्ड फक्त एका टोकाला, पेटीच्या बाजूला अर्थ केलेलं.

डिप स्विच

हे ड्रायव्हरवरचे छोटे सरकते स्विच. वीज बंद करून लावायचे. तक्ता डब्यावरच छापलेला असतो.

पहिले तीन करंटचे. तिथे पीक (क्षणाचा कमाल करंट) आणि आरएमएस (प्रत्यक्ष परिणामी करंट) असे दोन रकाने दिसतील. मोटरवरचा आकडा आरएमएसच्या रकान्याशी ताडा. ३ ॲम्पियरच्या मोटरला एकदम ३ देऊ नका, २.०३ पासून सुरुवात करा, जोर कमी वाटला तर २.३६. आपल्याकडे वैशाखात पत्र्याखालच्या शेडमध्ये हवाच इतकी तापलेली असते की मोटरला थंड व्हायला वाव नसतो. चौथा स्विच मोटर उभी असताना करंट अर्धा करतो. तो अर्ध्यावरच ठेवा.

पुढचे चार मायक्रोस्टेपचे. १६०० पल्स प्रति फेरा ठेवा, म्हणजे एका पावलाचे आठ भाग. जास्त भाग केले की काम जास्त बारीक होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. हिशेब बघा. १६०५ बॉलस्क्रू एका फेऱ्यात ५ मिमी सरकतो. १६०० भागिले ५ म्हणजे ३२० पल्स प्रति मिमी. मिनिटाला ३००० मिमी वेगाने जायचं तर सेकंदाला ५० मिमी, म्हणजे १६,००० पल्स. युनोवरचा जीआरबीएल साधारण ३०,००० पर्यंत पल्स देऊ शकतो, तेव्हा हे बसतं. तेच ३२ भाग केले तर ६४,००० लागतील, जे त्याच्या आवाक्याबाहेर आहे. आणि ३२० पल्सला एक मिमी म्हणजे लाकडाला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त बारकाई आधीच झाली.

हा ३२० आकडा जीआरबीएलच्या $१००, $१०१, $१०२ मध्ये भरा. स्क्रू ८ मिमी लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात ८ मिमी सरकणारा, टी८ असेल तर १६०० भागिले ८, म्हणजे २००.

पहिली चाचणी

मोटर मशीनवर चढवू नका. टेबलावर मोकळी ठेवा, शाफ्टला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा.

वीज द्या. ड्रायव्हरचा हिरवा दिवा लागला पाहिजे आणि शाफ्ट हाताने फिरवताना घट्ट लागला पाहिजे. अक्ष हाताने हलवायच्या जॉग बटणाने ५ मिमी सरकवा. झेंडा बरोबर एक फेरा मारून त्याच जागी येईल. अर्धाच फेरा मारला किंवा दोन मारले तर डिप स्विच आणि $१०० यांचा मेळ नाही. पुढे ५, मागे ५, असं बऱ्याच वेळा करा. झेंडा प्रत्येक वेळी मूळ खुणेवर आला पाहिजे. तीनही अक्ष असेच एकेक करून तपासा. इथे दिलेला अर्धा तास नंतर दोन दिवस वाचवतो.

मग मोटर चढवा. १०० मिमी सरकवून कॅलिपरने किंवा चांगल्या पट्टीने मोजा. ५० किंवा २०० आलं तर स्विचची चूक. ९८.७ असं काही आलं तर बॉलस्क्रूच्या मशीनवर आकडा बदलून दुरुस्ती करू नका, कारण स्क्रूची लीड एवढी चुकत नाही. कपलिंग, नट किंवा मोजण्यात काहीतरी ढिलं आहे. बेल्टच्या मशीनवर मात्र आकडा बदलणं योग्य: जुना आकडा गुणिले सांगितलेलं अंतर, भागिले प्रत्यक्ष अंतर.

प्रवेग, म्हणजे $१२० ते $१२२, हा नवख्यांचा दुर्लक्षित आकडा. मोटरला शून्यावरून वेगात यायला वेळ द्यावा लागतो. ५० पासून सुरू करा, वाढवत जा, मोटर किंचाळून थबकली की त्या आकड्याच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर या. कमाल वेगाचंही, $११० ते $११२, तसंच. स्पिंडलचं वजन उचलणाऱ्या झेडला एक्स-वायपेक्षा कमी ठेवा.

बिघाड शोधणं

क्रम ठरलेला ठेवा: आधी हात, मग कान, मग मीटर. एका वेळी एकच गोष्ट बदला.

*शाफ्ट सैल, दिवाही नाही.* फ्यूज, सप्लायचा जोड, डीसी व्होल्टेज. दिवा आहे पण शाफ्ट सैल, तर ईएनएच्या दोन्ही वायरी काढून बघा. काढल्यावर घट्ट झाला तर दोष एनेबलच्या सिग्नलमध्ये.

*शाफ्ट घट्ट, पण हलत नाही.* पल्स पोचत नाही. ग्राउंडची वायर पहिली तपासा. मग वीज बंद करून एक्सच्या सिग्नल वायरी वायच्या ड्रायव्हरला लावा. आता वायचा ड्रायव्हरही गप्प राहिला तर दोष आर्डुइनो किंवा वायरमध्ये. चालला तर एक्सच्या ड्रायव्हरच्या इनपुटमध्ये.

*जागच्या जागी थरथरते.* कॉइलच्या जोड्यांची सरमिसळ, किंवा एक कॉइल तुटलेली. वीज बंद, ड्रायव्हरकडचा प्लग काढून त्याच्याच टोकांत ओहम मोजा आणि मोजताना दुसऱ्या हाताने केबल पूर्ण लांबीभर वाकवत जा. ड्रॅग चेनमधल्या (केबल धरून मशीनबरोबर वाकणारी साखळी) वळणावर आकडा उडाला तर तार आतून तुटलीय. बाहेरून काही दिसत नाही.

*एकाच दिशेने जाते.* डीआयआरची वायर.

*उलटी जाते.* एका कॉइलची दोन टोकं अदलाबदल करा, किंवा $३ बदला.

*लाल दिवा.* ड्रायव्हरने स्वतःला वाचवण्यासाठी बंद केलंय: जास्त करंट, शॉर्ट किंवा जास्त व्होल्टेज. वीज बंद करा, मोटर काढा, पुन्हा द्या. दिवा हिरवा झाला तर मोटर किंवा केबल दोषी. तरीही लाल असेल तर व्होल्टेज मोजा. तेही ठीक असेल, तेव्हा कुठे ड्रायव्हर गेला म्हणायचं.

*मोटर तापते.* स्टेपर उभी असतानाही करंट खाते, तेव्हा गरम होणारच. हात क्षणभरही ठेववत नाही इतकी असली तरी बहुतेक मोटरींना पृष्ठभागावर ८० अंशांपर्यंत मुभा असते. त्यापलीकडे करंट एक पायरी खाली आणा.

आता खरा त्रासदायक प्रकार: काम चालू असताना जागा सरकते. याचे दोन स्वभाव ओळखायचे.

सरकणं दर वेळी एकाच बाजूला, आणि नक्षी जितकी गुंतागुंतीची तितकं जास्त, असं असेल तर तो वर सांगितलेला $२ चा घोटाळा: पल्सची कड उलटी आहे. दिशा बदलते त्या क्षणी एखादी मायक्रोस्टेप चुकीच्या दिशेला मोजली जाते. एक वळण म्हणजे मिमीचा ३२० वा भाग, दिसतही नाही. पण वेलबुट्टीच्या कोरीव कामात हजार वळणं सहज होतात, आणि तेव्हा ३ मिमीच्या आसपास फरक साचतो. सरळ चौकोन कापताना मशीन अगदी बरोबर असल्याने माणूस चक्रावतो. $२ बदलून तोच नमुना पुन्हा चालवा.

सरकणं कधी इकडे, कधी तिकडे, असेल तर आधी यांत्रिक की विजेचं हे वेगळं करा. मोटरच्या शाफ्टपासून कपलिंगवरून स्क्रूपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा. काम बिघडल्यावर रेघ तुटलेली दिसली तर कपलिंगचा ग्रब स्क्रू घसरतोय. शाफ्टला सपाट जागा घासून तिथे स्क्रू बसवा, थ्रेडलॉक लावा. रेघ शाबूत असेल तर तोच प्रोग्राम लाकूड न ठेवता हवेत चालवा आणि शेवटी शून्यावर आणा. हवेत शून्य जुळलं आणि लाकडात जुळत नसेल तर कटर बोथट आहे, खोली जास्त आहे किंवा फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) जास्त आहे. सागवानाचा फीड फणसाला, फणसाचा एमडीएफला चालत नाही. हवेतही जुळलं नाही तर स्पिंडल बंद ठेवून पुन्हा चालवा. स्पिंडल बंद असताना जुळतं आणि चालू असताना नाही, तर केबलमध्ये व्हीएफडीचा गोंगाट शिरतोय. स्पिंडल बंद असतानाही नाही, तर प्रवेग कमी करा, रेलवरची घाण काढा, जोड तपासा.

हे सगळं होऊन ड्रायव्हरवर संशय उरला तर वीज बंद, दिवे विझेपर्यंत थांबा, एक्स आणि वायचे ड्रायव्हर एकमेकांच्या जागी लावा, डिप स्विच तेच ठेवून. दोष ड्रायव्हरबरोबर वायकडे गेला तरच ड्रायव्हर बदला.

आपल्याकडचा पावसाळा

मशीन मे महिन्यात उभं राहतं, छान चालतं, आणि मखरांची घाई श्रावणात सुरू होते तेव्हा रुसतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिमीहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. हवेत मीठ आहेच. लाकडाचा भुसा ती ओल धरून ठेवतो, आणि असा ओला खारट भुसा दोन टर्मिनलांच्या मधे बसला की तो थोडी वीज वाहू लागतो. ५ व्होल्टच्या सिग्नलला आणि लिमिट स्विचला (अक्ष टोकाला आला की दाबला जाणारा स्विच) तेवढं पुरतं.

आर्डुइनोवर खुपसायच्या जंपर वायरी पावसाळ्यात टिकत नाहीत. त्याऐवजी स्क्रू टर्मिनलचं शील्ड बसवा. लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड (न दाबता जोड चालू) लावा, म्हणजे वायर तुटली किंवा जोड गंजला तर मशीन थांबतं. नॉर्मली ओपन लावला तर स्विच मेलाय हे धडक बसल्यावरच कळतं. मृग लागायच्या आत एकदा सगळे प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हिरवी पडलेली पिन घासत बसू नका, बदला. सगळे स्क्रू एकदा आवळा.

पेटीला पंखा लावायचा की नाही? माझं मत नाही. पंखा बाहेरची खारी हवा आणि भुसा आत ओढतो. ड्रायव्हर जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर उभे बसवा, मधे दोन बोटं अंतर, आणि पत्र्याची मागची बाजू पेटीबाहेर काढा. पेटी रबरी पट्टीने बंद, वायरी ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच). ग्लँड नसलेल्या भोकातून पाली आणि मुंग्या शिरतात, आणि एसएमपीएसच्या उबेला जाऊन शॉर्ट करतात. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, अधूनमधून वाळवा. पावसात मशीन आठवडाभर बंद राहणार असेल तर रोज थोडा वेळ नुसता सप्लाय चालू ठेवा; त्या उबेने आत दव धरत नाही. मात्र वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की पिन सॉकेटमधून काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही.

अर्थिंगकडे आमच्याकडे फार दुर्लक्ष होतं. जांभ्याच्या कातळावर नुसता रॉड ठोकून चांगली अर्थ मिळत नाही, उन्हाळ्यात तर अजिबात नाही. कोळसा-मीठ घातलेला खड्डा करून घ्या, मार्च ते मे त्यात पाणी घाला, आणि वायरमनकडून अर्थ मोजून घ्या. मशीनचा सांगाडा, एसएमपीएस आणि व्हीएफडी एकाच अर्थ पट्टीला जोडा. ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, ठेवा.

गावात संध्याकाळी व्होल्टेज बसतं. स्पिंडल सुरू होताना मीटर लावून बघा. २३० ची लाइन १८० च्या खाली जात असेल तर एसएमपीएसचे ३६ व्होल्टही ढासळतात आणि मोटर पाऊल गाळते. मग स्टॅबिलायझर घ्या किंवा स्पिंडलची लाइन जाड वायरीने वेगळी आणा.

वीज गेली तर काय, याची तयारी पहिल्या दिवशीच करा. होमिंग स्विच (मशीनला आपली मूळ जागा शोधून देणारे) बसवा आणि कामाचा शून्य जी५४ या जीआरबीएलच्या नोंदीत ठेवा. जीआरबीएल तो आर्डुइनोच्या कायमच्या मेमरीत जपतो. वीज आली की होमिंग करा, शून्य परत मिळतो, आणि थांबलेल्या ओळीच्या थोडं आधीपासून काम पुन्हा चालू करता येतं. वीज जाताच झेडची मोटर सैल होते आणि स्पिंडल आपल्या वजनाने लाकडात उतरू शकतो, म्हणून झेडला स्प्रिंग किंवा ब्रेक हवा.

ऑगस्टमध्ये भाग मागवले तर घाटात दरड पडली की कुरियर मुंबई-कोल्हापूरकडेच अडकतं. तेव्हा जूनच्या आधी एक जास्तीचा ड्रायव्हर आणून ठेवा, त्याचे डिप स्विच बाकीच्यांसारखेच लावून, आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट. सोबत एक आर्डुइनो, त्यात जीआरबीएल आधीच भरलेलं आणि तुमचे सगळे $ आकडे कागदावर लिहिलेले; चार-पाच फ्यूज, पिन लग, मोटरची एक तयार केबल, दोन लिमिट स्विच आणि एक कपलिंग. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात एवढ्या डब्यावर मशीन पुन्हा उभं करता येतं.